रीनाची चिनी डूला

अहो, डूला म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. सून रीनाने सांगितलं, "मम्मी, कळा चालू असताना बाळंतिणीला धीर देणारी बाई. आमची तर चिनी पद्धतीने अंगावरचे बिंदूही दाबते."

म्हटलं, मग आमच्या निम्म्या सांडोर गावच्या बायकांच्या कमरा बाळंतपणात मी कुठल्या पद्धतीने दाबल्या? पण इस्पितळात सिस्टर बाळंतिणीसोबत आत एकीलाच घेणार होती. रीनाने डूलाला नेलं आणि मला बाहेर बाकड्यावर बसवलं.

डूला पोरगी गुणी, पण नवी. बिंदूंच्या तक्त्यात बघून बघून दाबायची. दोन तास रीनाची कमर फुटत होती. शेवटी ती आतून ओरडली, "मम्मीला बोलवा!"

सिस्टर नको म्हणायच्या आत मी आत होते. कमरेखाली अंगठा रोवला आणि प्रत्येक कळेला जोर दिला. रीना म्हणाली, "तिथंच, मम्मी, सोडू नका!" तासाभरात नात झाली.

डूलाने तक्ता माझ्यापुढे धरला. "आंटी, तुमचा अंगठा बरोबर चिनी बिंदूवर होता!"

"असं होय?" मी म्हटलं. "म्हणजे चिन्यांचंही बरोबर आहे म्हणायचं."