लंगडा मेंढा

आमच्या आर्मेनियात बळीच्या मेंढ्याला आधी आशीर्वादाचं मीठ भरवतात. त्या मिठासाठी चर्चच्या दारात रांग होती. माझ्यापुढे बहीणभाऊ भांडत होते.

"ह्राच्या, लंगडा मेंढा आणलास? लाज नाही वाटत? मोशेच्या नियमात व्यंग असलेलं जनावर देवाला चालत नाही!"

"शुशानताई, तो नियम जुना झाला. येशूनं स्वतःचाच बळी दिला. आता आपण फक्त आभार मानायचे, गरिबांना जेवू घालायचं."

"त्यानं स्वतःला दिलं, म्हणून तू टाकाऊ देणार? पोरगा लढाईतून जिवंत परतला, त्याचे हे आभार?"

"धडधाकट पोरगा पाठवला होता, ताई. देवानं लंगडा परत दिला. मी मुकाट्यानं घेतला ना? आता त्यानंही घ्यावा."

रांग पुढे सरकली. ह्राच्याच्या हातावर मीठ पडलं.

"मीठ माझ्याकडे दे. मी भरवते त्याला."