उकळत्या मोटारीबाबत कौशल्याबाईंचा जबाब

पोलीस ठाणे मेहकर. बुधवार, तारीख ९ मे १९६२, सायंकाळी पाच वाजता.

नाव कौशल्याबाई, भ्रतार नारायणराव आखाडे. वय अंदाजे ४५ वर्षे. धंदा शेती व भाजीपाला. राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. (पतीचे नाव बाईंनी तोंडाने घेतले नाही. ते फिर्यादीच्या कागदावरून उतरवले आहे.)

मी ठाण्यात हजर होऊन, कोणी न पढवता, माझ्या समजुतीने लिहून देते की, डोणगावचे मेकॅनिक गुलाम रसूल यांनी आमची मोटार व तिच्यातला एक पितळी पार्ट चोरला अशी फिर्याद आज दुपारी दाखल झाली आहे. ही फिर्याद माझ्या पतीने दिली हे मला चार वाजता समजले. यापुढे जबाबात त्यांना 'फिर्यादी' म्हणावे असे हवालदार म्हणाले. मला ते सोयीचे आहे.

सदर मोटार जुनी, विलायती, लढाईच्या आधीची आहे. दोन वर्षांपूर्वी फिर्यादींनी ती अकोल्याच्या एका वकिलाकडून घेतली. थंडीत ती बरी चालते. उन्हाळ्यात चार-पाच मैल गेली की इंजिन तापते, पाणी उकळते आणि थांबावे लागते. फिर्यादींनी पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटर, म्हणजे पुढची पाण्याची जाळी, दोनदा झाळून घेतली. डोणगावात ज्याच्या ज्याच्या दारात बैलगाडी आहे त्या प्रत्येकाने या मोटारीबद्दल मत दिलेले आहे. गुलाम रसूल यांना मात्र विचारले नव्हते. ते विहिरीवरची तेल-इंजिने दुरुस्त करतात. "मोटार त्याच्या हातातलं काम नाही," असे फिर्यादी म्हणत.

आमची मुलगी पंचफुला बीबी येथे दिलेली आहे. तिला सातवा महिना आहे. पहिलटकरीण असल्याने तिला बाळंतपणाला माहेरी आणण्यासाठी आम्ही दोघे सोमवार तारीख ७ रोजी सकाळी मोटारीने निघालो. मोटार मेहकरला उकळली, पाणी भरले. सुलतानपूरच्या अलीकडे पुन्हा उकळली. तेथे झाडाखाली एक इसम बसलेला होता. तो म्हणाला, "बारीक भोक असन. हळद टाका, बुजून जाते." मी मुलीच्या ओटीसाठी अर्धा शेर हळद बांधून आणली होती. ती फिर्यादींनी सगळी रेडिएटरमध्ये ओतली. मी नको म्हणाले होते. त्यांना ऐकू गेले नाही. इंजिन त्या वेळी बंद होते.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही बीबीला पोचलो. आमचे व्याही उत्तमराव बनकर हे धुतलेले धोतर व पांढरा फेटा घालून दारात उभे होते. त्यांनी विचारले, "मोटार धूर का सोडायली?" फिर्यादी म्हणाले, "धूर नोहे, वाफ हाये. दाखवतो न तुम्हाले." असे म्हणून त्यांनी पोत्याचा तुकडा हातात घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. आतून पिवळे पाणी पुरुषभर उंच उडाले व उत्तमरावांच्या अंगावर फेट्यापासून जोड्यापर्यंत पडले.

उत्तमरावांच्या आई रुखमाबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्याला हळद तर मागंच लागली होती." तेथे हजर असलेल्यांपैकी कोणी हसले नाही. मी पदर तोंडाला लावला होता, तो उन्हामुळे.

आम्ही सर्वांनी धावत जाऊन उत्तमरावांवर गार पाणी ओतले. परंतु ते कोठेही भाजलेले नव्हते. "अंगाला कोमट लागलं," असे ते स्वतः म्हणाले. माझ्या हातावरही चार शिंतोडे पडले होते, तेही कोमटच होते. ही गोष्ट माझ्या मनात राहिली. पुरुष मंडळी आत गेल्यावर मी रेडिएटरला तळहात लावून पाहिला. हात ठेववत होता. मागे इंजिन मात्र खदखदत होते, त्यावर थेंब टाकला तर तडकत होता.

जेवणे झाल्यावर उत्तमराव म्हणाले, "पाव्हणे, राग मानू नका. ह्या मोटारीत मी सूनबाईला धाडणार नाही. वाटंत काही झालं तर कुणाला सांगता?" पंचफुला सकाळपासून ट्रंक भरून दारात बसली होती. तिने ट्रंक उचलली व आत नेली.

परत येताना मोटार चार वेळा थांबली.

मंगळवारी संध्याकाळी मी फिर्यादींना म्हटले, "इंजिनातलं पाणी उकळून राह्यलं, आन् पुढच्या जाळीतलं कोमट हाये. म्हणजे आतलं पाणी पुढं येतच नाही. मंधात कुठीतरी दांड बुजला." आम्ही वांगी-मिरच्यांना पाणी देतो. दांडात, म्हणजे पाण्याच्या पाटात, एखादे ढेकूळ अडकले की विहिरीकडून पाणी फुटते आणि पुढचे वाफे कोरडे राहतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. फिर्यादी म्हणाले, "हे काय वांग्याचे वाफे हायेत? तुले इंजिनातलं काय समजते?" आणि मेहकरच्या मोठ्या कारखान्यात विचारून येतो, असे म्हणून झोपले.

आज बुधवारी सकाळी सात वाजता फिर्यादी एस.टी.ने मेहकरला गेले. त्यानंतर मी गुलाम रसूल यांना बोलावून हीच हकीकत सांगितली. ते मग म्हणाले, "बाई, हे तुम्हाले कोणं सांगतलं?" मी म्हटले, "व्याह्यानं." त्यांनी विचारले, "मालकायले विचारलं का?" मी म्हटले, "तुमी पाना आना."

गुलाम रसूल यांनी इंजिनाच्या डोक्यावरचा नळ खोलला व आतून लिंबाएवढा पितळी पार्ट काढला. ते म्हणाले, "याले थर्मास्टेट म्हणते. इंजिन तापलं का याचं तोंड उघडते आन् गरम पाणी पुढं जाते. हे बंदच राहून गेलं." खात्री व्हावी म्हणून मी चुलीवर पातेलेभर पाणी उकळले. त्यांनी तो पार्ट दोऱ्याला बांधून आत सोडला. सर्वांचा चहा होईल इतका वेळ पाणी उकळले, पण तोंड उघडले नाही. त्या पातेल्यात मी आता स्वयंपाक करणार नाही.

मग त्यांनी रेडिएटरमधून पिवळे पाणी जाईपर्यंत अकरा बादल्या ओतल्या. "या उन्हात हा पार्ट नसला तरी चालते, हिवाळ्यात नवा टाकू," असे म्हणून त्यांनी पार्टाशिवाय नळ बसवला. साडेनऊ वाजता मी त्यांना मोटार बीबीला घेण्यास सांगितले. ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी मोटारीत जाऊन बसले होते. फिर्यादींना निरोप शेजारच्या भिमाबाईंजवळ ठेवला होता. परंतु गुलाम रसूल पार्ट काढून मोटार घेऊन गेले, असे डोणगावच्याच कोणीतरी मेहकरात सांगितल्याने फिर्यादी परस्पर ठाण्यात गेले व तो त्यांना मिळाला नाही.

मोटार बीबीपर्यंत एकदाही उकळली नाही. उत्तमरावांनी तिच्याभोवती लांबून दोन फेऱ्या मारल्या. मी त्यांना रेडिएटरला हात लावायला सांगितले. हात लावताच त्यांनी तो मागे घेतला व म्हणाले, "हे तर तापलेलं आहे." ते तापायलाच पाहिजे, सोमवारी तापत नव्हते हीच खोड होती, असे मी त्यांना समजावून दिले. त्यांना ते पटले की नाही सांगता येत नाही. पण ट्रंक त्यांनी स्वतः आणून मोटारीत ठेवली.

साडेतीन वाजता मेहकरला येताच शिपायाने शिट्टी मारून मोटार थांबवली व गुलाम रसूल यांना खाली उतरवले. पितळी पार्ट त्यांच्याजवळ असल्याचा फिर्यादींचा संशय आहे. तो माझ्या पदराच्या गाठीला बांधलेला होता. मी तो सोडून टेबलावर ठेवला.

फौजदार साहेबांनी मोटारीचे कागद मागितले. ते सीटखालच्या डब्यात होते. साहेबांनी मालकाच्या रकान्यातले नाव मोठ्याने वाचले. ते माझे होते. मी पुन्हा वाचायला सांगितले. साहेबांनी पुन्हा वाचले. फिर्यादी म्हणाले, "ज्योतिष्यानं सांगतलं होतं, माझ्या नावावर वाहन लाभत नाही." दोन वर्षांत मला हे का सांगितले नाही, असे मी विचारले. फिर्यादी म्हणाले, "काम नाही पडलं."

मोटार माझ्या मालकीची असल्याचे मला याप्रमाणे आज ठाण्यात समजले. माझी मोटार मी गुलाम रसूल यांना माझ्या कामासाठी चालवायला दिली होती. पार्टही मीच काढायला लावला. सबब चोरी झालेली नाही व त्यांना जाऊ द्यावे, कारण मोटार त्यांनाच चालवायची आहे. पुढे पंचफुला बसेल, तिला मोकळा वारा लागतो. फिर्यादींना डोणगावला यायचे असल्यास मागे माझ्याजवळ जागा आहे. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

हा मजकूर हवालदारांनी सर्वांसमक्ष सावकाश वाचला. फिर्यादी दोन ठिकाणी "असं नाही झालं" म्हणाले. जबाब माझा असल्याने तो आहे तसाच ठेवला. मी बोलले तसाच तो कागदावर उतरला आहे, म्हणून खाली अंगठा देत आहे.

कौशल्याबाई यांच्या डाव्या हाताचा अंगठा