चूळ भरण्यापुरतं पाणी

— नाई नाई, तुम्ही आधी बसा जी. नागपूरहून एवढ्या उन्हातानाचे आले अन् दारातूनच विचारता, 'वासुदेवराव, दौडीची ढाल काऊन नाई दिली?' अशी गोष्ट उंबरठ्यावर उभं राहून होते काय? इकडं सावलीत बसा, लोडाले टेका. तुमच्या क्रीडा मंडळाचे कोणीतरी कान भरले, मले माहीत आहे. हरिदास मास्तर पहिला आला, त्याले बक्षीस नाई, काऊन तं तो बौद्ध आहे — असंच सांगितलं ना? हां. लोकाले काय, तोंड आहे म्हणून बोलते. मामला जातीचा नाईच मुळी. मामला पाण्याचा आहे. शास्त्राचा आहे. तुम्ही शिकलेले माणसं, तुमाले पटन.

पहिल्यापासून सांगतो. दहा मेले सत्तावनच्या बंडाले शंभर वर्षं भरले, म्हणून आमच्या व्यायामशाळेनं ठरवलं का मोठी दौड काढाची. पुलगाव ते वर्धा, देवळीवरून. कोणीतरी म्हणलं, मे महिन्यात वर्ध्यात कुत्रं बी सावली सोडत नाई, दिवाळीनंतर काढा. तं अध्यक्ष बाबाराव म्हणले, बंडवाल्यायनं दिवाळीची वाट पाह्यली होती काय? मंग कोण बोलते! बाबाराव म्हणजे मोठी आसामी, देवळीकडं शेती, वर्ध्यात घर, अन् त्याईचा लेक बंडू दौडीत उतरणार होता. मी सेक्रेटरी. आहार-पाण्याचं खातं माझ्याकडं. माझ्याकडंच काऊन? कारण या जिल्ह्यात धावण्याचं शास्त्र जर कोणाच्या घरात असन तं आमच्या! माझ्या बापाचे बैल शंकरपटात धावत. पटाच्या बैलाले तूप पाजते, अंडी फोडून पाजते, पण पटाआधी पाणी? दाखवत बी नाई! पोटात पाणी डचमळलं का बैल जड झाला. आता जे बैलाले लागू, ते माणसाले काऊन नाई? माणूस तं बैलाहून लहान, त्याले अजून कमी लागन — हे साधं गणित आहे. हे म्या भर सभेत मांडलं. टाळ्या पडल्या. एकटा तो हरिदास मास्तर मागून उठला अन् म्हणे, 'वासुदेवराव, पटाचा बैल चिलीम पेटवाच्या आत धावून मोकळा होते, आमाले दुपारलोक धावाचं आहे.' पाहा आता. मास्तरकीची खोड. प्रत्येकाची चूक काढाची.

बंडूले म्या स्वतः तयार केलं जी. सकाळी बदाम, दुधात तूप, कच्ची अंडी, दुपारी डिंकाचे लाडू — अन् पाणी हळूहळू तोडत आणलं. लोट्यावरून गिलासावर, गिलासावरून वाटीवर. पोट्टं तयार झालं म्हणता! गाल असे वर आले. फक्त जरा चिडखोर झालं होतं, अन् एक दिवस त्याच्या आईनं पाह्यलं तं देवघरात बसून देवाचं तीर्थ पिऊन राह्यलं. पळीनं नाई, सारं पंचपात्रच तोंडाले लावलं. ती मायमाऊली घाबरली. म्या सांगितलं, घाबरू नका, ही शक्तीची लक्षणं आहे.

अन् हरिदास? त्याचं काय सांगू. नालवाडीचा राहणारा, दोन गावं पल्याडच्या शाळेत मास्तर. जाताना धावते, येताना धावते. खाणं म्हणसान तं ज्वारीची भाकर, कांदा, अन् ते आंबील — आंबवलेल्या पिठाचं पातळ, मीठ टाकलेलं. याले काय आहार म्हणाव? मागल्या दसऱ्याले ते सारे नागपूरले जाऊन बौद्ध झाले ना, तवापासून जरा मान ताठ झाली आहे. नाई, त्याच्याशी मले देणंघेणं नाई, ज्याचा त्याचा धर्म! मी तं आधीपासून सुधारक. त्याईच्यातले लोक माझ्या अंगणात येऊन बसते. हो, अंगणात. आत कुठं जागा आहे? — हे ओसरी? हे तं पाहुण्यायसाठी आहे जी.

दौड पहाटे सुटणार होती. पण पाहुणे आले, हार झाले, मंग भाषणं. बाबाराव बोलले, तहसीलचे साहेब बोलले, मी बी आभाराचे दोन शब्द बोललो — आता शंभर वर्षाचा इतिहास दोन शब्दात मावते काय? धावणारे आपले उन्हात रांगेत उभे. बिगूल वाजला तवा सूर्य चांगला कासराभर वर आलता. आम्ही मोटारीनं पुढं देवळीच्या बाहेर आलो, तिथं वडाखाली आमचं पाण्याचं टेबल होतं. — हसू नका. पाण्याचं टेबल, पण पिण्यासाठी नाई. चूळ भराची! तोंड ओलं कराचं अन् थुकाचं, असा माझा सक्त हुकूम होता. पिणारे काय ते आम्ही. पंच, पाहुणे, मंडळी. आम्हाले थोडंच धावाचं होतं!

तं टेबलावर माठ दोन होते. दोन काऊन म्हणजे? सोयीसाठी. एका माठावर गिलास ठेवले, दुसरा माठ जरा बाजूले, खाली, त्याच्यावर टमरेल. कोणाच्या मनात काही नाई जी! म्या स्वतः मांडले, तवा मलेच माहीत असन ना काय मनात होतं ते. बंडू पहिला आला. त्यानं चूळ बी नाई भरली, टेबलाकडं पाह्यलं बी नाई, वाघासारखा निघून गेला — म्या छाती पुढं काढून बाबारावकडं पाह्यलं. मागून हरिदास आला. स्वयंसेवकानं टमरेल उचललं अन् म्हणे, 'मास्तर, ओंजळ करा.' वरून ओतणार होता. आता ओंजळीत काय वाईट आहे सांगा? उलट ओंजळ थंड राह्यते. तं हा माणूस उभा राह्यला. हात मागं घेतले. अन् सबुरीनं म्हणे, 'गिलासात द्या.' म्या म्हणलं, 'अरे मास्तर, दौड चालू आहे, लोक पुढं जाऊन राह्यले, गिलासाचं काय घेऊन बसला?' तं म्हणे, 'बसतोच.' अन् बसला की वडाच्या मुळावर! मांडी घालून! म्हणे, 'घाई तुमाले आहे. मले तहान आहे.'

आता काय कराव? असं कोणत्या दौडीत झालं काय? मागून येणारे एकेक येऊन राह्यले, चूळ भरून राह्यले, पुढं जाऊन राह्यले, अन् हा सावलीत बसून त्याईच्याकडं पाहून राह्यला. बाबारावनं तिथंच मंडळाची सभा बोलावली. एक म्हणे, एक गिलास देऊन टाका अन् मंग फेकून द्या. दुसरा म्हणे, गिलास फेकला तं पेपरात येईन. तहसीलचे साहेब म्हणे, मी सरकारी माणूस आहे, मी तं काही पाह्यलंच नाई, अन् मोटारीत जाऊन झोपले. मी म्हणलं, माझं म्हणणं शुद्ध शास्त्राचं आहे — धावणाऱ्याले पाणीच देऊ नये, म्हणजे गिलासाचा प्रश्नच उरत नाई. माझ्या मताले सारे अनुकूल होते जी. एकमतानं ठराव होणार, तेवढ्यात आमच्या घरच्या उठल्या.

विमलाबाई. माझी बायको. महिला मंडळाच्या बाया आरतीची ताटं घेऊन बैलबंडीत बसल्या होत्या. ही खाली उतरली. घरून आणलेला आमचा पितळेचा गिलास पिशवीतून काढला — लग्नातला आहे तो, त्याच्यावर माझं नाव कोरलेलं आहे, 'वासुदेवराव' — अन् तो चांगल्या माठात, म्हणजे मोठ्या माठात, बुडवला. बुडवला जी! हातासकट! म्या म्हणलं, 'अवो, काय करून राह्यली? त्याच्यावर माझं नाव आहे.' तं म्हणते, 'मंग पुण्य तुमालेच लागन.' अन् दिला त्याच्या हातात. म्हणे, 'पी बापा. माणूस तहानला अन् हे सभा भरवून राह्यले.' तो पेला. चूळ नाई, पेला! एक गिलास, दुसरा गिलास, मंग पाहुण्यायच्या लिंबूपाण्यासाठी ठेवलेलं मीठ होतं ते चिमटीभर तोंडात टाकलं, वर अजून गिलास. माझ्या साऱ्या शास्त्रावर पाणी ओतलं त्यानं. हात जोडले, हिले म्हणे, 'येतो माय,' अन् गेला धावत. त्याच्यानंतर त्या मोठ्या माठाले कोणी हात लावत नव्हतं. पाहुणे तहानले बसले वर्ध्यापर्यंत.

गिलास? गिलास आहे घरातच. म्या म्हणलं होतं, जरा विस्तवातून काढून घे — स्वच्छतेसाठी, बाकी काही नाई — तं तवापासून माझ्या ताटाजवळ रोज तोच गिलास ठेवते. मी पितो. काय करू? तहान लागते.

बरं, मंग पुढं. पुढं काय होणार, ऊन होतं. सांगतो ना, लपवाचं काय त्याच्यात! आम्ही मोटारीनं वर्ध्याकडं निघालो तं रस्त्यानं माणसं अशी पडलेली, जशी वाऱ्यानं कैऱ्या पडाव्या. एक बाभळीखाली, एक नालीत, एक तं उलटा देवळीकडं धावत होता अन् विचारत होता वर्धा किती राह्यलं. बंडू कुठं दिसेना. म्या बाबारावले म्हणलं, निश्चिंत राहा, तो पोहोचला असन. कुठला पोहोचतो! सालोडच्या अलीकडं पडला होता, रस्ता सोडून, वावरात, पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यायच्या ढिगाआड. आमची मोटार बाजूनं निघून गेली, आम्हाले दिसला नाई. हरिदासले दिसला. पायी चालणाऱ्याले दिसते जी, मोटारीतून नाई दिसत.

त्यानं काय केलं? थांबला. दुसऱ्यांदा थांबला! आता तोच पुढं होता, सरळ जाव, ढाल घ्याव — नाई. बंडूले खांद्यावर टाकलं. एवढं बदाम-तुपाचं अंग! अन् नेलं जवळच्या वस्तीवर. त्याईचीच वस्ती ती, त्याईची विहीर. धुरपता नावाची बाई पाणी शेंदत होती. तिनं बादली ओतली पोट्ट्याच्या डोक्यावर. अन् बंडूनं डोळे उघडले, अन् म्हणे, 'पाणी.' तिथं गिलास कुठचा! हरिदासनं ओंजळ धरली अन् बंडू... बरं, हे तुम्ही कुठं बोलू नका. बाबाराव सांगते का लेक बेशुद्ध होता, बेशुद्ध माणसाले दोष लागत नाई. पण पोट्टंच गाढव, गावभर सांगत फिरते, 'मी शुद्धीत होतो, अन् म्या तीनदा मागितलं.' दवाखान्यातला डाक्टर काहीबाही बोलला, अजून उशीर झाला असता तं हाती लागला नसता वगैरे. माझ्याकडं पाहून बोलला. मी काय केलं? म्या तं बदाम दिले.

मंग तो हरिदास पोहोचला वर्ध्याच्या मैदानावर. एकटा. ऊन डोक्यावर, मंडप रिकामा, बँडवाले तेवढे भोंग्याले टेकून झोपले होते. त्याईनं उठून वाजवलं म्हणते. आम्ही तवा बंडूले शोधत होतो. म्हणजे पहिला आला, हे तं खरं. मी कुठं नाई म्हणतो? पण नियम आहे ना जी! दौडीत पाणी पिणारा बाद. अन् दुसऱ्या धावणाऱ्याले उचलणारा बाद. — केव्हा केला नियम? दौडीच्या दुसऱ्या दिवशी केला. पण लागू आधीपासून. तसं ठरावातच घातलं आहे. आता सांगा, याच्यात जात कुठं आली? कोणी बी पाणी पेलं असतं तं बाद केलं असतं. बाकीच्यायनं नाई पेलं — त्या बाकीच्यायतले चार जण दवाखान्यात होते, पण नियम नाई मोडला त्याईनं!

बंडूचं म्हणाल तं ते हातचं गेलं. बदाम बंद. आता सकाळी उठून नालवाडीले जाते, हरिदासच्याच संगं धावते, अन् घरी येऊन मायले म्हणते, आंबील कर. बाबाराव माझ्याशी बोलत नाई. जसं म्याच शिकवलं.

काय? ढाल पाहाची? ढाल आहे ना. सुरक्षित आहे. आतल्या कपाटात. आणतो... किल्ली विमलाबाईजवळ असते. घरी? घरी नाई ती. बाहेर गेली. बाहेर म्हणजे बाहेर, जी — नालवाडीले. तिथं आज काही आहे म्हणते. सत्कार का काय. त्या बंडूनंच ठरवला, महिला मंडळ सारं तिकडंच गेलं, म्हणून तं तुमाले साधा चहा बी... नाई, कपाट फोडाव लागत नाई. कपाट उघडंच आहे. काऊन उघडं म्हणजे? रिकाम्या कपाटाले कोणी कुलूप लावते काय?

घेऊन गेली. हो, ढाल. लपवून बी नाई, चांगली छातीशी धरून, भर चौकातून, सकाळी. सारे पाहत होते. म्या दारातून हाक मारली, 'अवो, मंडळाचा ठराव आहे!' तं मागं बी नाई पाह्यलं. मंडळाची इज्जत... चाललं तरी कुठं तुम्ही? उठले काऊन? अजून माझं म्हणणं पुरं नाई झालं — आहाराचं तं म्या अर्धंच सांगितलं.

तिकडंच चालले? बरं. जा. स्टेशनाकडून गेले तं नालवाडी जवळ पडन. मले? मले कशाले विचारता, मी नाई येत. मले काम आहे. — नाई म्हणलं ना जी! जा तुम्ही. अन् ते दार ओढून घेजा. ऊन आत येऊन राह्यलं.