पुढच्या तुकड्याची माती

नाही नाही, तिथं नका खणू, जावईबापू — ते गिरमिट उचला आणि घरामागं चला. काय म्हणालात? घर पुढं बांधायचंय, मग माती पुढचीच घ्यायला हवी? ते कळतं हो मला. तुम्ही मातीच्या तपासणीत नोकरी करता म्हणून तर माझ्या मुलानं तुम्हाला बोलावलं — घरचा माणूस असताना परक्याला कशाला विचारा, म्हणाला. मीही घरचा माणूस म्हणूनच सांगतेय. माती मागची घ्या आणि पिशवीवर लिहा 'पुढची'. यात दचकण्यासारखं काय आहे?

टेका जरा पायरीवर. सून मोरीत कपडे धुतेय, नळ चालू आहे तोवर तिला काही ऐकू जायचं नाही. तर हा फाटकाजवळचा तुकडा — वर पांढरं फुटलंय बघा, पीठ सांडल्यासारखं. चोपण म्हणता ना तुम्ही याला? पावसात पाणी हलत नाही, पाय ठेवला की सटकतो, आणि उन्हाळ्यात असा दगड होतो की कुदळ उडते. मला नका शिकवू, माझा जन्म गेला हे बघण्यात. धाकट्या दिरानं इथंच खोली बांधली होती. पावसात जमीन फुगली, उन्हात बसली, भिंतीला ही भेग — हात जाईल आत एवढी. जाऊबाई छताकडे बघत पडून राहायची, डोळ्याला डोळा नाही. शेवटी गेली दोघं, कुठं गेली कोण जाणे. त्यांचे दगड आमच्या पडवीला चांगले उपयोगी पडले. — हो, धाकट्याला कुठला तुकडा द्यावा, हे सासऱ्यांनी मलाच विचारलं होतं. ते जाऊ द्या.

सुनेला बागेसाठी हाच दिला मी. मग कुठला देणार होते? आली तेव्हा काय तोरा होता — बाप रोपवाटिकावाला, गाडीभर रोपं घेऊन आली सासरी. 'आई, मी लावलेली काठीसुद्धा फुटते,' म्हणाली मला. म्हटलं, फुटू दे की, फाटकाजवळ लाव, येणारा-जाणारा बघेल. आणि बघितलंच सगळ्यांनी. पानं कडेकडेनं करपत गेली, कुणी काडी लावल्यासारखी. पुन्हा लावली, पुन्हा गेली. ती पाणी घालायची, मी म्हणायचे, अजून घाल. पाणी साचेल तसतसं मीठ वर येतं, हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक — तिला कुठलं? बापाकडे सगळं पिशवीतल्या तयार मातीत वाढलेलं, खरी जमीन बघितलीय कधी तिनं?

मग एकदा व्याही आले बघायला. मी आदल्या दिवशी वरचं पांढरं खराट्यानं झाडून घेतलं आणि मागची चांगली माती पाट्यांनी आणून पसरली. त्यांनी मूठभर उचलली, बोटांत चुरली, लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, 'माती तर चांगली आहे गं.' सख्ख्या बापाच्या तोंडून. तेव्हापासून तिची मान खाली गेली ती गेलीच. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पुढं तिच्या पोटातलं गेलं, तेव्हा मात्र मी म्हणाले एवढंच — हिच्याकडे काही जगत नाही बाई. — असे काय बघताय? मी कुणाला मारलं का?

आता मुलगा म्हणतो, तिचा जीव रमत नाही, पुढं वेगळं घर बांधतो. बांध की. पण इथली माती वाईट निघाली तर तो घर मागच्या तुकड्यावर नेईल. मागं वर पोयटा, खाली पक्का मुरूम, आणि तो तुकडा मी माझ्या लेकीसाठी राखलाय. म्हणजे तुमच्या बायकोसाठी, जावईबापू. तुम्ही तिला ठेवलंय कुठं? भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघरात वाकून शिरायचं. मी कधी बोलले? तुमच्या पोरांना अंगण मिळावं म्हणून तोंड वाईट करून घेतेय मी, आणि तुम्हाला पुढच्या भिंतींची काळजी. फाटतील तर फाटतील. लगेच नाही फाटत, दोनेक पावसाळे जातात, तोवर तुमचं घर उभं राहील. मुलगा येईल परत माझ्याकडे, जाणार कुठं? ती जाईल बापाकडे. — छप्पर? नाही हो. दिराचं कुठं पडलं होतं? — पडायच्या आत गेली ती दोघं, हे खरं.

आता उठताय का? हं. या असे मागं. इथं लावा गिरमिट — बघा कसं लोण्यात गेल्यासारखं जातंय. भरा. अजून घाला मूठभर. गाठ मारा. आता लिहा — पुढची. नीट लिहा, वाचता आलं पाहिजे.

नळ बंद झाला. — ये गं, ये, हात पूस आधी. भाऊजींनी घेतली बघ माती. जमीन उत्तम आहे म्हणतात, खुशाल घर बांधा. — काय? मग तुझी झाडं का मेली? मला काय विचारतेस, मी अडाणी बाई. शिकलेला माणूस समोर उभा आहे, त्याला विचार. सांगा हो तिला, जावईबापू. जमिनीत काही खोट आहे का? — बघ, मान हलवली. नाही म्हणतात. पटलं आता? मग उभी काय राहिलीस, कपडे वाळत घाल जा.

आणि तुम्ही — पिशवी उचला आणि निघा. नाही, आत नको, पायांना माती आहे तुमच्या.