गार अंगाचं पोर

दवाखान्याच्या बाकावर बोटाची पट्टी बदलायला बसलेला सुतार आपलं दुखणं विसरून ऐकू लागला. पाळणाघरवाल्या मावशी पोराला घेऊन शेजारी बसलेल्या आईवर कडाडत होत्या.

"काल पोराला तापाचं औषध पाजून माझ्याकडे सोडलंस?"

"सोडताना अंग गार होतं, मावशी!"

"कोंबडं झाकलंस म्हणून तांबडं फुटायचं राहिलं का? बघ, अंगभर कांजिण्या!"

"साहेब रजा देत नाहीत. मी तरी काय करू?"

"खरं सांगायचंस! मी त्याला इतर पोरांपासून लांब ठेवलं असतं."

"पोरांना कांजिण्या यायच्याच. एवढं आकाशपाताळ कशाला एक करताय? आणि तुम्ही कुणाला घेऊन आलात?"

"सुनेला. सातवा महिना आहे. तिला कधी कांजिण्या आल्या नव्हत्या. काल तुझं पोर रडत होतं, म्हणून तिनंच दिवसभर छातीशी धरलं."