हाताला कळणारी काठी

...आणि वर पुन्हा आजोबा मलाच विचारतात, "टोरा, तूच सांग, दोष कुणाचा?" म्हणजे बघा! गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बर्फ उपसायचं यंत्र बाहेर उघड्यावर गंजतंय, का? तर आत काठ्या! गळाच्या काठ्या! लांब, आखूड, काळ्या, हिरव्या, एक तर चक्क जांभळी... आणि प्रत्येकीवर आमच्या हाल्वोर आजोबांनी एकच शिक्का मारलेला, "काठीच बहिरी!"

तुम्हाला सांगते, हा वॉलआय मासा फार भिडस्त. माझ्यासारखा. पाइक मासा कसा, दारावर लाथ मारून आत येतो! वॉलआय हळूच येतो, गळाला लावलेली जळू तोंडात घेतो, चव बघतो, आणि नको असली तर होती तशी ठेवून निघून जातो. दोऱ्यावर काय उमटतं? एवढंसं 'टक'. ते हाताला कळलं तर मासा, नाही कळलं तर बसा कॉफी पीत. आणि आजोबांना कळायचं हो! शेजारच्या वेंडेलकाकांशी भांडता भांडता मध्येच म्हणायचे, "थांब, पाहुणे आलेत," की मासा वर!

मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ते आजारपण आलं. नाव नाही घेत, आमच्या घरात कुणीच घेत नाही. औषधांनी आजार गेला, पण जाताना बोटांची जाणीव घेऊन गेला. शर्टाची बटणं आर्डिस आजी लावते. उकळत्या कॉफीचा कप हातात धरून बसतात, तळवा लालेलाल होतो, आणि यांना पत्ता नाही!

पण हे बोलणार कोण? आमच्या गावात? अहो, इथे वादळात छप्पर उडालं तरी लोक म्हणतात, "चला, हवा खेळती राहील." "कसा आहेस, हाल्वोर?" "वाईट नाही." संपलं! त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आजोबांच्या गळावरून एकेक मासा जळू खाऊन जायला लागला, तेव्हा अख्ख्या गावाने मान डोलावली, "खरंय, काठीच बहिरी." आणि जो तो आपल्या घरातली काठी घेऊन दारात! "ही घे, हाल्वोर, मला काय, पडूनच असते." आजाऱ्याच्या घरी शेजाऱ्यांनी हॉटडिशचं गरम भांडं पोचवावं तशा काठ्या आणल्या लोकांनी! आता सांगा, यावर हसायचं की रडायचं? आजी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही करायची.

आणि या वर्षी तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आधी आजोबा जेवताना म्हणाले, अगदी मीठ मागावं तसं, "या मोसमात एक शेवटची काठी घेऊन बघतो. नाही जमलं तर होडी विकून टाकू."

होडी! अहो, सगळ्या जगात ती एकच जागा आहे, जिथे मला कुणी "बोल गं काहीतरी" म्हणत नाही!

तर गेलो आम्ही दोघं लव्हॉनबाईंच्या गळ-काठ्यांच्या दुकानात. दुकान गच्च भरलेलं. बाई एका हाताने जळवा डब्यात भरतायत, दुसऱ्या हाताने काठी नाचवतायत, "ही बघ हाल्वोर, पिसासारखी! मासा नुसता मनात आणू दे, हाताला कळेल!" काठीची परीक्षा कशी घेतात, माहीत आहे ना? एकाने मूठ धरायची, दुसऱ्याने टोक आपल्या गळ्याला टेकवून बोलायचं. काठी चांगली असेल तर बोलण्याची थरथर थेट मुठीत उतरते. आता दुसरं कोण? मी!

"बोल ना गं, टोरा!"

मी म्हटलं, "हॅलो."

"काठीच बहिरी," आजोबा.

दुसरी काठी. "हॅलो." काठीच बहिरी! तिसरी... लव्हॉनबाई म्हणाल्या, "अरे, पोरीचा आवाजच उंदरासारखा, काठी बिचारी काय करील?" म्हणजे आता दोष माझा! मग वेंडेलकाकांनी काठी आपल्या गळ्याला लावली आणि गुडघेदुखीची अख्खी कहाणी अशी गर्जून सांगितली, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

आजोबा मूठ आवळून उभे. बोटं पांढरी पडलेली. "नाही... काही नाही लागत."

सगळे आपापल्या बुटांकडे बघतायत.

बाईंनी मग आतून एक काठी आणली, सगळ्यात हलकी. मी टोक गळ्याला लावलं आणि कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "आजोबा, होडी नका ना विकू."

आजोबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "लागलं! स्पष्ट लागलं! हीच घेऊ."

"काय म्हणाली रे ती?" वेंडेलकाका.

"म्हणाली, दिवस काय छान आहे!"

बाहेर गारांचा सडा पडत होता हो...

मोसमाच्या पहिल्या दिवशी होडीत आम्ही दोघंच. ते मधल्या फळीवर, मी मागे. काठीचं टोक किंचित लवलं. मला दिसलं. आजोबा शांत. गेला मासा! पुन्हा लवलं, पुन्हा गेला. आजोबांनी रिकामा आकडा वर ओढला, म्हणाले, "काठीच..." आणि पुढचा शब्द गिळला. कारण ही शेवटची होती ना.

नवी जळू लावायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू! मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. गळ पाण्यात गेला. टोक लवलं. मग माझ्या बुटाने त्यांच्या बुटाला हळूच टोचलं. टक.

आजोबांनी हिसका दिला, आणि काठी अशी वाकली! काचेसारख्या डोळ्यांचा वॉलआय होडीत थडथड उडतोय आणि आजोबा पाण्याकडे तोंड करून ओरडतायत, "बघितलंस? ऐकते! ही काठी ऐकते!"

आणि पुढच्या वेळी गळ टाकायच्या आधी त्यांनी आपला बूट मागे सरकवला, माझ्या बुटाला टेकवला आणि तिथेच ठेवला.

झालं! गावभर बोभाटा! लव्हॉनबाईंकडे तसल्या काठ्या उरल्या नाहीत. काल वेंडेलकाका धक्क्यावर तणतणत आले, "हाल्वोर, तीच काठी, तीच जळू, मला का रे काही कळत नाही?"

"तुझी काठीच बहिरी!"

"मग तुझी कशी ऐकते? काय करतोस तिला?"

"जपतो. थंडी सोसत नाही तिला," असं म्हणून आजोबांनी माझी लोकरीची टोपी खस्सकन कानांवर ओढली.

"टिकेल किती?"

"शाळा उघडेपर्यंत," आजोबा बोलून गेले. मग खाकरून, "म्हणजे... मोसम आहे तोवर. पुढचं पुढे."

आणि आता हुकूम सुटलाय, उद्या पुन्हा उजाडायच्या आत तळ्यावर! गारठा केवढा, झोप केवढी राहिलेली... पण काठीला कोण विचारतंय?