कोऱ्या नळ्या

महेश्वरी : राजाबाई, मी रागावत नाही. फक्त आठवून सांगा. गेल्या सोमवारी मी चांदीचं रक्त काढलं, त्याच्या आधी तिला काय काय दिलं होतं?

राजाबाई : कडवळ, पेंड. मेंढीला आनि काय देनार मॅडम, पुरनपोळी?

महेश्वरी : औषध?

राजाबाई : ठनठनीत हाय की. औशद कशापायी?

महेश्वरी : मागच्या मांडीवर लोकर कातरलीय. मधे टोचल्याची खूण आहे.

(राजाबाई मेंढीच्या पाठीवरचा हात काढून घेते.)

राजाबाई : खूर सडला हुता. त्याच्या आदल्या शनवारी आमच्या बिभीषणानं इंजेक्शन मारलं. त्यो जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली हाय.

महेश्वरी : औषध चालू असलं की सांगायचं, त्या मेंढीचं रक्त घ्यायचं नाही. शिकवलं होतं ना मी?

राजाबाई : मागली मेंढी लंगडली तवा सांगितलं हुतं की. तुमच्या लॅबनं चार दिसात खाटकाला दिली.

महेश्वरी : ते मला माहीत नव्हतं.

राजाबाई : मला हुतं. दोर मीच सोडला हुता तिचा. आनि एवढं काय झालं? रक्त लालच निघालं.

महेश्वरी : रक्त गोठल्यावर वर पिवळं पाणी सुटतं...

राजाबाई : ठाव हाय. नळीत घालून खरवसावानी थिजवता.

महेश्वरी : त्या खरवसावर पेशंटच्या घशातले जंतू वाढवून बघते मी. तुमचं जंतू मारणारं इंजेक्शन त्यात उतरलं. वसतिगृहातल्या एका मुलीच्या घशात पांढरट पडदा धरला होता. तिच्या नळ्या दोन दिवस कोऱ्या राहिल्या. कुणाच्याही घशात असतात ते साधे जंतूसुद्धा नाहीत. तेव्हाच खटकायला हवं होतं मला. मी लिहून दिलं, घटसर्प नाही.

राजाबाई : घटसर्प तर म्हशीला हुतो.

महेश्वरी : माणसांचा वेगळा. गळा आतून बंद करतो. काल मी मुद्दाम लॅबमध्ये ठेवलेले घटसर्पाचे जिवंत जंतू चांदीच्याच उरलेल्या नळ्यांवर लावले. आज बघितलं, तेही वाढले नाहीत. थांबा, मघापासून लावतेय तो वसतिगृहाचा फोन लागला. स्पीकरवर टाकते. गिरिजाबाई, मी लॅबमधून महेश्वरी. ती घसा धरलेली सिद्धेश्वरी कुठंय?

गिरिजाबाई : सुट्टी लागली की हो. चाळीसच्या चाळीस पोरी सकाळी गेल्या. मी एकटीच हाय, गाद्या उन्हात घालायलीय.

महेश्वरी : तिच्या गोळ्या चालू आहेत ना?

गिरिजाबाई : तुमचा रिपोर्ट आला आन् डॉक्टरांनी बंद केल्या. साधा घसा म्हणाले.

महेश्वरी : घरी कुणाबरोबर गेली?

गिरिजाबाई : घरी कुठली. तिचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, न्यायला कोण आलं नाही. वैष्णवीबरोबर रेल्वेनं जेऊरला गेली. त्यांच्या घरी उद्या लग्न हाय. दोघी जिवाभावाच्या, एका बाटलीनं पाणी पितात.

महेश्वरी : रिपोर्ट चुकलाय, गिरिजाबाई. चूक माझी आहे. डॉक्टरांना मी कळवते. वैष्णवीच्या घरचा नंबर द्या.

गिरिजाबाई : देते, पण लागत नाही. पोचल्या का विचारायला मी तीनदा लावला.

राजाबाई : जेऊरला माझा भाऊ हाय, रावजी. लग्नाचा मांडव त्यो बरोबर हुडकंल.

महेश्वरी : लावा त्याला. म्हणावं, दोघींना वेगळ्या खोलीत बसवा, त्यांचं पाणी कुणी पिऊ नका. मी गाडी काढते.

राजाबाई : मी बी येती. मॅडम, त्या पोरीला... चांदीचंच औशद लागलं असतं का?

महेश्वरी : त्याच जातीचं. गिरिजाबाई, जाताना कशी होती ती?

गिरिजाबाई : ताप नव्हता. मान तेवढी सुजल्यावाणी दिसली. रिक्षात बसली, माझ्याकडं बघून हात केला. ‘येते बाई’ म्हणाली असंल. तोंड हललं, आवाज काय आला नाही.